कातडीखालचं पाणी

१४ मे, मंगळवार

बायकोला, कडूला, घरी आणलं. दवाखान्याच्या छापील कागदावर 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे' असं होतं. त्याखाली मी एवढी दाबून सही केली की पेनाचं टोक खालच्या कागदात उतरलं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, हळू." म्हटलं, "हळूच केली बाई. जोरात केली असती तर टेबल गेलं असतं."

सकाळी गेलो तेव्हा बायकोचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बँडेजपट्टीनं बांधलेले. सलाईनची सुई उपटते म्हणे. शीर सापडत नाही म्हणून मनगट, कोपर, घोटा, सगळं टोचून निळं केलेलं. मला बघून म्हणाली, "हात सोडा माझे, नाकाला खाज आलीय." मी नाक खाजवून दिलं आणि तिथंच ठरवलं. हिचे हात यापुढं कुणी बांधणार नाही.

संघपाल गाडीत गप्प. पोरगा वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गप्प बसला की समजायचं, आत प्रेशर चढतंय. मुकुंदवाडीत शिरता शिरता फुटला. "अण्णा, आईच्या अंगात पाणी नाही. महिन्यात दुसऱ्यांदा ॲडमिट केली. घरी नेऊन काय करणार? मोटार लावणार?"

"लावीन," म्हटलं. "जन्मभर दुसरं काय केलं?"

औरंगपुऱ्यात एका मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पक्कड उचलण्यापासून सुरुवात केली मी. आज मुकुंदवाडी स्टेशनजवळ स्वतःचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागं स्वतःचा हॉल, वर पोराचा मजला. बोअरची जळालेली मोटार बाहेर रिक्षातून उतरवताना वाजली तरी सांगतो, बेअरिंग गेलंय का कोरडी चालवलीय. कोरडी चाललेली मोटार दुरुस्त करता येते. जळण्याआधी हात घातला पाहिजे, एवढंच.

१५ मे, बुधवार

डॉक्टर ऋतुराज येऊन गेले. वयानं संघपालपेक्षा लहान असतील. म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन तपासतात. जिभेवर बोट फिरवलं, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. "काकू, पाणी का पीत नाही?"

"तहानच नाय लागत," कडू म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, शीर सापडत नसेल तर शिरेचा नाद सोडू. कातडीखाली देऊ. सावकाश जातं, घरी जमतं, सुई बारीक असते, हात बांधायचं काम नाही. मी विचारलं, असं असतं का? म्हणाले, जुनी पद्धत आहे, लोक विसरलेत.

दुपारी मोनिका सिस्टर आल्या. मांडीच्या पुढची कातडी चिमटीत उचलली, सुई तिरपी सरकवली, वर पारदर्शक पट्टी चिकटवली. झालं. कडूनं 'आई गं' सुद्धा म्हटलं नाही. बाटली टांगायला मी बोअरच्या पाइपचा स्टँड आधीच वेल्ड करून ठेवला होता. थोड्या वेळानं मांडीवर मऊ फुगवटा आला, आंब्याएवढा.

"फुगणारच, काका," सिस्टर म्हणाल्या. "घाबरून बंद करायचं नाही. अंग हळूहळू ओढून घेतं. लाल झालं, कडक झालं, दुखलं किंवा काकूंना दम लागला, तर मात्र लगेच बंद करून फोन."

जमिनीत पाणी मुरतं तसंच की. मला पटलं.

कडूनं मात्र नळीकडं बघत विचारलं, "हे पाणी पण शेवटी लघवीलाच जाणार ना?"

"मग काय डोळ्यांतून येणार?" मी म्हटलं. सिस्टरला हसू आलं. कडूला आलं नाही. अशक्तपणा फार आहे.

जाता जाता डॉक्टर म्हणाले होते, "काका, हा टेकू आहे, भिंत नव्हे. पाणी तोंडानंच जायला हवं. त्या का पीत नाहीत ते शोधा." शोधायचं काय त्यात? वय झालं की तहान मरते.

एक गोष्ट नवीन बघितली. थेंब पडतो, पण वाजत नाही. मी नळीला कान लावून बघितला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं पाणी, जे मला ऐकू आलं नाही.

१७ मे, शुक्रवार

खुर्ची तयार झाली. लोखंडी अँगलची चौकट, बसायला रिक्षाच्या सीटचा फोम, मधे गोल भोक, खाली पत्र्याची बादली. मागच्या बाथरूमपर्यंत कडूला चालवत नेणं म्हणजे दोन माणसांचं काम, म्हणून खुर्ची पलंगाशेजारी, हॉलमधेच. तारेवर चादर टाकून आडोसा केला. हॉल आणि दुकान यांच्यात एक भिंत, तिला दार, ते उघडंच असतं.

करुणा म्हणाली, "मामा, पलंग आन खुर्ची मागच्या खोलीत नेऊ ना. आत्याला बरं पडंल." सून गुणी आहे, पण तिला यातलं कळत नाही. मागच्या खोलीत कूलर नाही. आणि मागं काही झालं तर मला ऐकू कसं येणार?

फेब्रुवारीत कडू बाथरूममधे पडली तेव्हा मी दुकानात पंधरा हॉर्सपॉवरची मोटार टेस्टिंगला लावली होती. ती हाका मारत राहिली, मोटार ओरडत राहिली. खुबा मोडला तो तेव्हा. त्या दिवसापासून मोठी मोटार मी घरात चालू केलेली नाही. टेस्टिंगला चिकलठाण्याच्या दोस्ताकडं पाठवतो. लोक म्हणतात, साहेबरावचं दुकान आजकाल बंद आहे का? असू दे.

आता तसं होत नाही. कडू खुर्चीवर बसली की बादलीच्या पत्र्यावरचा पहिला आवाज मी दुकानात पकडतो. रिकामी बादली वेगळी वाजते, भरत आलेली वेगळी. संध्याकाळी तिला सांगितलंसुद्धा, "सकाळी पाव लिटर, दुपारी त्याच्या निम्मं. चूक असंल तर बोल."

बोलली नाही. माझा अंदाज चुकत नाही हे ती चाळीस वर्षं बघतेय.

१९ मे, रविवार

कोडं आहे. उशाशी तांब्या आणि ग्लास ठेवतो. ग्लास रिकामा होतो, मी भरतो, परत रिकामा होतो. कातडीखालून बाटली चालू आहे ती वेगळीच. तरी जीभ कोरडी, डोळे आत. रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम तेवढंच वर, किडनीचा आकडाही वर, म्हणजे अंग कोरडंच. एवढं पाणी जातंय कुठं? मोटारीला लीकेज असतं, माणसाला कुठलं?

संघपाल रिपोर्ट हातात घेऊन खाली आला. "अण्णा, पुढच्या सोमवारी, सत्तावीसला, परत रक्त तपासायचं. आकडे उतरले नाहीत तर मी आईला ॲडमिट करणार. नाकातून नळी, शिरेतून सलाईन, जे लागंल ते."

"आणि हात?"

"बांधले तर बांधले! जीव वाचतो ना?"

"तुला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या," मी म्हटलं. "आठ दिवस तुझे हात हिनं धरून ठेवले, खाजवू नये म्हणून. बांधले नव्हते. फरक समजतो का इंजिनिअरसाहेब?"

दार आपटून वर गेला. बिजागरीला तेल पाहिजे.

ऊन चव्वेचाळीसवर. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. एक बरं झालं, यंदा कूलरला पाणी फार लागत नाही. दोन दिवस टाकी भरली नाही तरी पातळी तशीच. पंप मीच बदलला होता, हात चांगला लागला म्हणायचा.

२३ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदनेला विहारात जाऊन आलो. करुणानं खीर केली. दिवसभर हॉल भरलेला. सिल्लोडहून मेव्हणा बुद्धभूषण आला. तो आयुष्यभर एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. अजून खिशात थर्मामीटर ठेवतो.

"जयभीम, दाजी. ताईला काय लावलं हे?" मांडीचा फुगवटा बघून त्याचे डोळे कपाळात. "अवो, सलाईन भायेर गेलीया! शीर फुटली!"

समजावलं. डोकं हलवत राहिला. "मी हजारो सलाईनी लावल्या, दाजी. सूज आली की पयलं बंद करायचं. कातडीखाली तर ढोराला देतेत."

"मग ढोरं जगतात ना?" मी म्हटलं. सगळे हसले.

गल्लीतल्या बाया म्हणाल्या, चेहरा बरा दिसतो कडूबाईचा. मीही रंगात आलो. सांगितलं, इथं मशीन-बिशीन काही लागत नाही, माझे कान आहेत. चादरीआड बादली वाजली की भिंतीपलीकडून मापं सांगतो. "परवा तर गिऱ्हाईकाशी बोलता बोलता सांगितलं, थांबा, अर्धा लिटर झालं!" हॉल हसून हसून बेजार.

कडूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. करुणानं खिरीच्या वाट्या एवढ्या जोरात ठेवल्या की एकीला पोचा पडला. गरमीनं माणसं चिडचिडी होतात.

त्यानंतर दिवसभर बादली वाजली नाही. खीरही घेतली नाही कडूनं. गर्दी मानवली नसेल.

२४ मे, शुक्रवार

टँकर आला म्हणून बाहेर गेलो. परत येतो तर बुद्धभूषणनं नळीचं चाक बंद केलेलं, सुई काढून टाकलेली, आणि बहिणीच्या मांडीवर गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकतोय. त्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान.

"जिरवली बघा सूज," म्हणाला.

"ती जिरण्यासाठीच होती!" मी ओरडलो. "तू शेकून काय मोठं केलंस? पाणी तुझ्या बहिणीसाठी चाललं होतं, सुजेसाठी नाही!"

"दाजी, आपली मानसं सुजेनं घाबरत्यात ते उगी नाय. मी पोरं मेलेली बघितली चुकीच्या सलाईनीनं."

तो रडायला लागला. बहिणीवर त्याचा जीव आहे. कडूच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, की मरणानं तोंडात घेतली तरी थुंकून टाकावी. हा तिच्या पाठचा, हिच्या कडेवर वाढलेला. मी पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. भांडणं नंतर करू.

मोनिका सिस्टर संध्याकाळी आल्या. आता सुई पाठीत घातली, खांद्यांच्या फऱ्यांमधे. तिथं हात पोचत नाही, कडूचा नाही आणि मेव्हण्याचाही नाही. "काका, आजचा दिवस वाया गेला," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

२५ मे, शनिवार

कडू सकाळी मला ओळखेना. "मास्तर, घंटा झाली का," असं काहीतरी. संघपालनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. मी दुकानातली सात हॉर्सची जळकी मोटार ढकलत दारात आणली आणि तिच्यावर बसलो.

"अण्णा, उठा."

"उठव."

"आई मरंल तुमच्या हट्टापायी!"

"तिला मरायचं असंल तर हात मोकळे ठेवून मरंल."

हे बोलून गेलो खरा. मरू द्यायचीच नाहीये मला. पण पोरासमोर मागं कसं जायचं? गल्ली जमली. ॲम्ब्युलन्सवाला पायरीवर बसून मी मागवलेल्या कोल्ड्रिंकची वाट बघत होता.

डॉक्टर ऋतुराज आले. मोटार ओलांडून आत गेले. नाडी, बी.पी., छाती तपासली. म्हणाले, नाडी अजून धरून आहे. बी.पी. कोसळून शॉक लागला असता तर मीच तुम्हाला मोटारीसकट उचलून बाजूला केलं असतं. कातडीखालचं पाणी तेव्हा पुरत नाही. उद्यापर्यंत चालू ठेवू. लघवी बंद झाली, शुद्ध गेली, तर दारात बसायचं नाही. शब्द द्या.

दिला. संघपालकडं बघून दिला. तो उंबऱ्यावर बसला होता, हाताची नखं खात. लहानपणीसारखा दिसला.

दुपारनंतर कडू हळूहळू ताळ्यावर आली. डॉक्टर निघताना परत तेच म्हणाले. "त्या का पीत नाहीत?" मी म्हटलं, "पितात ना डॉक्टर, ग्लास रिकामा होतो." ते ग्लासाकडं बघत राहिले.

२६ मे, रविवार

दुपारी लाईट गेली. कूलर बंद, पंखे बंद, समोरच्या गिरणीचा पट्टा बंद. एवढी शांतता मुकुंदवाडीत कधी नसते. स्टेशनातल्या रिकाम्या रुळावर कुणी लोखंड टाकलं तरी ऐकू यावं. मी दुकानात डोळे मिटून बसलो होतो.

हॉलमधून आवाज आला. बादलीचा नव्हे. भरलेल्या पत्र्याच्या टाकीत पाणी ओतल्याचा.

जाऊन बघतो तर कडू पलंगावर कोपरावर रेललेली. बाजूच्या कूलरची झडप उघडी. हातातला ग्लास त्यात उपडा.

"कडू, काय करतीस?"

दचकली नाही. उरलेले थेंब झटकले, मग ग्लास खाली ठेवला. "कूलरला पाजतेय. त्याचं कुणी मोजीत नाय."

मी झडपेतून आत बघितलं, टाकी काठोकाठ. आठवडाभर मी भरलेला एकेक ग्लास माझ्यासमोर आला. आणि ती कूलरची पातळी, जिच्यासाठी मी स्वतःची पाठ थोपटली होती.

"का?"

"तुमच्यामुळं," ती म्हणाली. जीभ कोरडी असल्यानं शब्द सुटे सुटे येत होते, पण एकही अडला नाही. "माहेरी आमी पहाटं अंधारात जायचो, बाया-बाया. कुणाचा कंदील दिसला तर अर्ध्यातून उठायचो. जन्मात कुणाला माझं पाऊल वाजलेलं ऐकू दिलं नाय मी. आन आता भर हॉलमधी, पत्र्याच्या बादलीत. भाऊ बसलेला, गिऱ्हाईक बसलेलं. तुमी पलीकडून मापं सांगता. पौर्णिमेला सगळ्या गल्लीला हसवलं. मग पक्कंच केलं, प्यायचंच नाय. प्यालंच नाय तर वाजंल काय?"

"आधीपासून पीत नव्हतीस."

"खुबा मोडल्यापासून कुणाला तरी उठवावं लागतं. तव्हा कमी केलं. तुमी खुर्ची आणली, तव्हा बंदच केलं. आन तुमची ती सुई! ती तर मला इचारतच नाय. मी थेंब नाय प्याले तरी बसवती खुर्चीवर."

"बोलायचं होतंस मला."

"बोलले की. भिंतीकडं तोंड केलं. तुमाला जे वाजतं तेवढंच ऐकू येतं."

मी काय करावं? मी वाद घातला. माझा स्वभावच तो. म्हटलं, मी कान बंद केले तेव्हा तू पडलीस. परत पडलीस तर? ऐकणं सोडू कसं?

ती म्हणाली, "मग टाका परत दवाखान्यात. तिथं हात बांधत्यात. पर कान तरी लावीत नाय कुणी."

लाईट आली. कूलर सुरू झाला. पहिल्यांदाच मला त्याच्या आवाजाचा आधार वाटला.

२७ मे, सोमवार

सकाळी साडेसहालाच कटर काढला. मागच्या खोलीच्या खिडकीचे गज कापले आणि कूलर तिथं बसवला. पलंग आत, खुर्ची आत. पत्र्याची बादली भंगारात. तिच्याजागी प्लास्टिकचा टब, तळाला जुन्या लुगड्याची घडी. करुणानं दाराला आतून कडी लावून दाखवली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मामा, मी म्हणले होते." व्हय, म्हणाली होती.

तरी दुपारी दुकानात बसलो आणि मला ऐकू आलं. बंद दारातून, लुगड्याच्या घडीवरून. दाबलेलं, पण ऐकू आलं. कानांत कापूस घातला, तरी. हे कान काही माझं ऐकत नाहीत. आणि कडूला ते माहीत होतं. दाराआडून तिचा आवाज आला, "करुणा, ते ऐकायलेत."

मी उठलो. कोपऱ्यात पंधरा हॉर्सची मोटार ताडपत्रीखाली होती, फेब्रुवारीपासून. ताडपत्री काढली. केबल जोडली. स्टार्टरवर ठेवलेला हात दोनदा मागं घेतला हे इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं सांगणार नाही. याच आवाजाखाली तिच्या हाका बुडाल्या होत्या.

हिरवं बटण दाबलं. मोटार गर्जली. बाकावरचे नट नाचायला लागले. समोरचा गिरणीवाला बाहेर येऊन बघायला लागला. मी दाराकडं पाठ करून उभा. मला काही ऐकू येत नव्हतं. ती पडली, हाक मारली, काही झालं, तरी येणार नव्हतं. करुणा आत आहे, एवढ्यावरच उभा राहिलो.

मग करुणानं खांद्याला हात लावला. "झालं, मामा. बंद करा. आत्या म्हणतेत, ताक द्या."

संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडे जेमतेम हलले होते. संघपाल कागद घेऊन मागच्या खोलीत गेला, मी मागोमाग. "आई, ठरल्याप्रमाणं..."

कडूनं त्याला हातानं थांबवलं. उशाचा ग्लास उचलला, त्याच्याकडं बघत घोट घोट सगळा प्याली. मधे ठसका लागला तेव्हा थांबली, परत प्याली. रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला. "आन एक आण. गुरुवारपातुर थांब. तव्हा नाय उतरला तुझा आकडा तर मी माझ्या पायानं ॲम्ब्युलन्समधी बसंन. मला कुणी बांधायचं नाय आन कुणी आडवायचं पण नाय." हे शेवटचं माझ्याकडं बघून.

संघपाल ग्लास घेऊन उभा. मग मला म्हणाला, "अण्णा, ती मोटार कशाला चालू होती? वरचा मजला हादरला."

"टेस्टिंग," मी म्हटलं.

"आईचं?"

"माझं."

३० मे, गुरुवार

चार दिवस गल्ली वैतागली आहे. पंधरा हॉर्सची मोटार पाण्याशिवाय, लोडशिवाय नुसतीच फिरते, ही काय टेस्टिंग? गिरणीवाल्यानं विचारलं, "किसकी मोटार है, साहेबराव भाई? ठीक नहीं हो रही क्या?" म्हटलं, ठीक होतेय. सावकाश होतेय. बुद्धभूषणचा सिल्लोडहून रोज फोन. ताईला सूज आहे का विचारतो. काल म्हटलं, पाठीत आहे, तुला दिसणार नाही. हसला.

आतून कडूचा आवाज हुकूम सोडतो, "मोटार लावा!" आणि मी लावतो. गिऱ्हाईक बोलत असेल तर त्याचं तोंड हलताना दिसतं, नुसतं. चालायचं.

आज रिपोर्ट आला. सोडियम उतरलं, किडनीचा आकडाही खाली. संघपालनं तो करुणाला वाचून दाखवला, मग मला, मग परत करुणाला. मोनिका सिस्टरनं पाठीतली सुई काढली. जागा बघितली. इवलासा लाल ठिपका, बाकी काही नाही. माझ्या पाइपच्या स्टँडवर कडूनं ताबडतोब टॉवेल वाळत घालायला सांगितला.

डॉक्टर ऋतुराज म्हणाले, टेकू काढला तरी भिंत उभी आहे का, ते दोन आठवडे बघू. गरज पडली तर सुई परत लावू. कडू म्हणाली, "लावा की. आता तिचं माझं भांडण नाय."

मग डॉक्टर दुकानात आले. पेन काढलं, विचारलं, "काका, तुम्ही तर बरोबर सांगता म्हणे. काकूंना काल दिवसभरात लघवी किती झाली?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "मोटार चालू होती."